शाहूपुरीत कुणी उगाच फिरत नाही

मंडळी, या शनिवारी जरा आमच्या धंद्यातला इतिहास.

टॉवर बंद पडला की फोन मुका होतो. पण फोनच एकमेकांचे टॉवर झाले तर? ह्यानं त्याला, त्यानं पुढच्याला, असा निरोप हातोहात न्यायचा. हे झालं अ‍ॅड हॉक नेटवर्क. सैन्य आणि आपत्ती, हे त्याचे ठरलेले उपयोग. प्रयोगासाठी खरी माणसं पळवणं परवडत नाही, म्हणून ती कॉम्प्युटरमध्ये पळवतात. पण माणसं चालतात कशी, हे आधी त्याला सांगावं लागतं ना!

१९९६ मध्ये कार्नेगी मेलनच्या डेव्हिड जॉन्सन आणि डेव्हिड मॉल्ट्झ यांनी सोपं उत्तर दिलं. मैदानातला कुठलाही बिंदू निवडा, कुठलाही वेग निवडा, सरळ रेषेत जा, थोडं थांबा, पुन्हा नवा बिंदू. नाव 'रँडम वेपॉइंट'. १९९८ मध्ये त्यांच्या गटानं चार राउटिंग पद्धती यावर तपासल्या: ५० नोड, १५०० बाय ३०० मीटरचं मैदान, ९०० सेकंद, वेग सेकंदाला २० मीटरपर्यंत. (म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. आमची केएमटीसुद्धा गावात एवढी पळत नाही!) कोड एनएस-२ सोबत फुकट मिळायला लागला आणि जो तो तेच वापरू लागला.

२००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या यून, लिऊ आणि नोबल यांनी फुगा फोडला. वेग शून्यापासून वीसपर्यंत कुठलाही, म्हणजे सरासरी दहा, असं सगळे धरून चालले होते. पण हजार मीटर जायला दहाच्या वेगानं १०० सेकंद लागतात, आणि ०.१ च्या वेगानं १०,०००, म्हणजे पावणेतीन तास. ज्याच्या वाट्याला गोगलगायीचा वेग आला तो अडकलाच. हळूहळू असे अडकलेलेच जास्त होतात आणि सरासरी शून्याकडे घसरत जाते. उपाय साधा होता: किमान वेग शून्य ठेवू नका. पण तोवर सात वर्षं गेली होती, आणि किती निकाल यावर बेतले होते कोण जाणे.

वेग सुधारला, तरी दिशा राहिलीच. शाहूपुरी घ्या. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी वसवलेली गुळाची पेठ, स्टेशनला लागून, गल्ल्यांना चक्क नंबर. इथं सरळ रेषेत चालणारा नोड भिंतीवर आपटेल! रस्त्यांच्या चौकटीसाठी 'मॅनहॅटन' मॉडेल आहे: चौकात आलात की निम्मी शक्यता सरळ जाण्याची, पाव डावीकडे, पाव उजवीकडे. पण माणूस चौकात फासे टाकतो का हो? त्याला गाडी गाठायची असते, नाहीतर दुकान उघडायचं असतं. २००८ मध्ये गोन्झालेझ, हिदाल्गो आणि बाराबाशी यांनी एक लाख मोबाईलधारकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हेच दिसलं: माणूस त्याच त्या मोजक्या जागी परत परत जातो.

झालं तर मग? नाही ना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर पाण्यात गेलं, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता. टॉवरशिवायचं नेटवर्क हवं ते अशाच दिवशी. आणि नेमक्या त्याच दिवशी नेहमीच्या जागा पाण्याखाली असतात, म्हणजे लाखभर लोकांच्या नेहमीच्या नोंदीही कुचकामी. २००७ च्या सुमारास बॉनमध्ये आशेनब्रुक यांच्या गटानं आपत्तीसाठी वेगळं मॉडेल केलं. त्यात मैदानाचे भाग पाडले: दुर्घटनेची जागा, जखमींना थांबवायची जागा, उपचाराची जागा, अ‍ॅम्ब्युलन्सची जागा. कोण कुठून कुठं जाणार हे त्याच्या कामावरून ठरतं. मला हे सगळ्यात पटतं. आपल्याकडे फक्त भाग बदलतील: पाणी चढलेली गल्ली, नाव लागते तो चौक, निवाऱ्याची शाळा.