वहाण आणि तिचा कारागीर

देवास आणि कोल्हापूर यांचे नाते जुने आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई देवासच्या थोरल्या पातीत दिल्या होत्या. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ साली शहाजी या नावाने कोल्हापूरच्या गादीवर बसले.

त्या कोल्हापूरची चप्पल सर्वांस ठाऊक आहे. ती कशी घडते, हे मात्र थोडेच जाणतात. ढोर बांधव कातडे चुन्यात भिजवून त्यावरील केस काढीत. मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात ते कित्येक दिवस मुरवीत. अशा कमावलेल्या चामड्याचे थर चर्मकार बांधव चामड्याच्याच वादीने शिवतात. त्यास खिळा लागत नाही.

ज्या हातांनी समाजाचे पाय काट्यांपासून राखले, त्याच हातांना समाजाने शतकानुशतके अस्पृश्य मानले! २०१९ साली या चपलेस भौगोलिक मानांकन लाभले. तरीही २०२५ मध्ये प्राडा या इटालियन पेढीने मिलान येथे तशाच वहाणा मांडल्या, तेव्हा कोल्हापूरचा नामोल्लेखही नव्हता. टीका झाल्यावर तिने हे ऋण मान्य केले.

वहाण आपण उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो, ते योग्यच. तिच्या कारागिरास मात्र उंबऱ्याबाहेर ठेवणे योग्य नव्हे.