अटी शिथिल करून

सरकारी भरतीची कुठलीही जाहिरात उघडा. वर पदसंख्येचा तक्ता, त्याखाली सामाजिक आरक्षण, मग समांतर आरक्षणाचे रकाने. आणि सगळ्यात शेवटी, भिंग घेऊन वाचावी लागेल अशी एक ओळ असते: दिव्यांग उमेदवारांसाठी अमुक अट शिथिलक्षम. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांना ही ओळ पाठ असते. ती आली कुठून, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

तिचं सर्वात स्पष्ट रूप केंद्राच्या कार्मिक विभागाच्या २९ डिसेंबर २००५ च्या ज्ञापनात सापडतं. परिच्छेद २२. त्याचा मतलब असा: राखीव जागा सर्वसाधारण निकषावर भरल्या जात नसतील, तर उरलेल्या जागांसाठी निकष सैल करून अपंग उमेदवार घ्यावेत, फक्त ते त्या पदासाठी अयोग्य ठरलेले नसावेत. या मजकुराला तीन कड्या आहेत. आधी सर्वसाधारण निकष लावून पाहायचा. मग जेवढी तूट पडेल तेवढ्यापुरतीच सवलत द्यायची. आणि शेवटची कडी अयोग्यतेची. ‘योग्य असल्याचं सिद्ध करा’ आणि ‘अयोग्य ठरलेला नसावा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात सिद्ध करण्याचं ओझं उमेदवारावर पडतं, दुसऱ्यात निवड मंडळावर.

हे शब्द कार्मिक विभागानं तेव्हा नव्यानं घडवले नव्हते. अनुसूचित जाती-जमातींच्या भरतीसाठीच्या जुन्या सूचनांत जवळजवळ हीच वाक्यरचना होती. तिथे तिला घटनेच्या अनुच्छेद ३३५ ची पार्श्वभूमी होती आणि पुढे मोठी न्यायालयीन लढाईही झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बढतीतली गुणांची सवलत अमान्य केली, आणि संसदेनं २००० साली ८२ वी घटनादुरुस्ती करून ती परत आणली. अपंगांसाठी अशी घटनादुरुस्ती झाली नाही. त्यांच्या वाट्याला आला तो दुसऱ्याच्या अंगाबेताने शिवलेला सदरा, आणि त्याच्या बाह्या आखूड की लांब, हे बघायला बराच काळ कुणी बसलं नाही.

कारण इथे अडचण मुळात गुणांची नव्हती. ती शरीराची होती, आणि गुणांच्या कितीतरी आधी सुरू व्हायची. १ जानेवारी १९२२ पासून लागू झालेल्या, सरकारी नोकरांच्या मूलभूत नियमांमध्ये दहावा नियम असा की, आरोग्याचा वैद्यकीय दाखला असल्याशिवाय सरकारी नोकरीत कायम नेमणूक नाही. साहेबाच्या काळातला हा नियम स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. म्हणजे पोलिओ झालेला मुलगा परीक्षेत पहिला आला, तरी शेवटचा शेरा सिव्हिल सर्जनचा. त्यामुळे अपंगांसाठी ‘अट शिथिल’ याचा पहिला अर्थ गुण कमी करणं हा नव्हताच. डॉक्टरनं कुठल्या नजरेनं बघायचं, एवढाच तो होता.

मार्च १९५९ मध्ये अपंगांसाठीचं देशातलं पहिलं खास सेवायोजन कार्यालय मुंबईत सुरू झालं. ते नावं नोंदवून घ्यायचं, पण नाव नोंदवलं म्हणजे जागा मिळाली असं नव्हे. जागा यायला १९७७ उजाडलं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं क आणि ड गटातल्या पदांसाठी ३ टक्के आरक्षण जाहीर केलं: अंधांना १, कर्णबधिरांना १, अस्थिव्यंग असलेल्यांना १. अ आणि ब गटाची दारं बंदच होती. कारकून आणि शिपाई होता येईल, अधिकारी होता येणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ. ज्या सरकारनं हे आरक्षण दिलं, त्याच्याच राजधानीत १६ मार्च १९८० ला रोजगार मागायला निघालेल्या अंधांच्या मोर्चावर लाठ्या चालल्या.

या काळातल्या सवलती छोट्या होत्या, पण त्यांत माणसाकडे बघणं होतं. वयोमर्यादेत १० वर्षांची सूट. उशिरा शाळेत गेलेल्या, उपचारांत वर्षं गेलेल्या मुलांना तिचा उपयोग किती, ते घरच्यांनाच ठाऊक. लिपिकपदासाठी टंकलेखन परीक्षा असायची, पण वैद्यकीय मंडळानं ‘याला टंकलेखन शक्य नाही’ असं लिहून दिलं तर तीही माफ. बाकी कामाला लायक आहे ना, मग बोटं चालत नाहीत म्हणून अडवू नका. शिथिलतेची इतकी सरळ व्याख्या मला नंतरच्या कागदांत क्वचित दिसली.

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा ७ फेब्रुवारी १९९६ ला लागू झाला आणि ३ टक्के आरक्षणाला कायद्याचं बळ मिळालं. पण त्यात शिथिल करायला सांगितलेली गोष्ट कोणती? वय. २०१६ च्या नव्या कायद्यात आरक्षण ४ टक्के झालं, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार पहिल्यांदा आत आले, तरी कलम ३४ मध्ये शिथिलतेचा उल्लेख पुन्हा वयापुरताच. गुणांची आणि निकषांची सवलत राहिली ज्ञापनांत आणि परिपत्रकांत. कायदा संसदेचा असतो, ज्ञापन टेबलावरचं. ते लावायचं की नाही हे टेबलामागचा माणूस ठरवतो.

आणि न लावण्यात फायदा होता. १९९५ च्या कायद्यानं जागा भरली नाही तर पुढच्या भरती वर्षात ओढायची, तिथेही योग्य अपंग उमेदवार मिळाला नाही तर तिन्ही प्रवर्गांत अदलाबदल करायची, आणि तरीही कुणी न मिळाल्यास अपंग नसलेल्या उमेदवारालाही घेता येईल अशी वाट ठेवली होती. म्हणजे ज्या विभागानं परिच्छेद २२ कधीच उघडला नाही, त्याला दोन भरत्यांनी ती जागा मोकळी करून घेता येत होती. शेरा ठरलेला: ‘योग्य उमेदवार उपलब्ध न झाल्याने’. अनुशेषाच्या फायली अशाच वाढतात. निकष सैल झाल्यानं सरकारी कामाचा दर्जा घसरला अशी ओरड मी पुष्कळ ऐकली आहे. ज्या जागा भरल्याच गेल्या नाहीत, त्यांनी दर्जा कसा घसरवला, हे कुणी सांगितलेलं ऐकलं नाही.

दुसरी वाट यादीची होती. कुठलं पद कुठल्या अपंगत्वाला जमेल, याच्या याद्या सामाजिक न्याय मंत्रालय काढतं. जानेवारी २०२१ ची यादी ३,५६६ पदांची. प्रत्येक पदापुढे सांकेतिक अक्षरं: बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं, उचलणं, ढकलणं-ओढणं, पाहणं, ऐकणं. वाचताना शेतावरच्या बैलाची तपासणी चालली आहे असं वाटतं. इरा सिंघल यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाची २०१० ची परीक्षा पार केली, महसूल सेवा मिळण्याइतकं यश मिळवलं, आणि मणक्याच्या वाकडेपणामुळे ढकलणं, ओढणं, उचलणं जमणार नाही म्हणून नेमणूक नाकारली गेली. महसूल अधिकाऱ्याला नेमकं काय ढकलायचं असतं? त्या प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या, जिंकल्या, आणि २०१४ च्या परीक्षेत देशात पहिल्या आल्या. कुठल्याही सवलतीच्या यादीत नव्हे, सगळ्यांच्या यादीत.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील सहाव्या वर्षी दृष्टी गमावून बसल्या. २०१५ च्या परीक्षेत त्या ७७३ व्या आल्या. रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना घेतलं गेलं नाही, कारण पूर्ण अंधत्व. पुढच्याच परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत केरळात गेल्या. ज्या माणसाला रेल्वेचे हिशेब तपासता येणार नाहीत असं ठरलं, त्याच माणसानं तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून काम केलं.

इथे एक गल्लत नेहमी होते. लेखनिक देणं, जादा वेळ देणं ही शिथिलता नाही. ती परीक्षा देता यावी म्हणून केलेली सोय आहे. प्रश्न तेच, उत्तरं तपासणारा तोच, लिहिणारा हात फक्त दुसऱ्याचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिक मागणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे सविस्तर सांगितलं. तरी वर्गात कुजबुज असतेच, ‘त्याला काय, त्याला सूट आहे’.

न्यायालयांनी या उसन्या सदऱ्याचं नातं मान्य केलं ते टप्प्याटप्प्यानं. ऑक्टोबर २०१३ मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या प्रकरणात ३ टक्के एकूण जागांवर मोजायचे, फक्त यादीतल्या पदांवर नाही, हे ठरलं. जुलै २०२० मध्ये चंडीगढच्या कला महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या एका बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, अनुसूचित जाती-जमातींना जी गुणांची सवलत, ती अपंगांनाही. ४० ऐवजी ३५ टक्के. मात्र अभिक्षमता चाचणी माफ करा ही मागणी मान्य झाली नाही.

दरम्यान कार्मिक विभागानं २०१८ मध्ये ज्ञापन नव्यानं लिहिलं, तेव्हा एक सावध वाक्य घातलं: निकष सैल करता येतील, पण अपंगत्वाचा दाखला मिळण्याच्या निकषांत सूट नाही. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणानं गाजावाजा झाला आणि दाखल्यांवरच सगळी चर्चा अडकली, तेव्हा हे वाक्य मला आठवलं. खोटा दाखला आणि सैल केलेला निकष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पहिल्याचा राग दुसऱ्यावर निघतो.

मग मध्य प्रदेशातून एका आईचं पत्र दिल्लीला सरन्यायाधीशांकडे गेलं. तिचं मूल अंध, आणि राज्याच्या न्यायसेवेच्या नियमांनी अंध व अल्पदृष्टी उमेदवारांना वगळलेलं. न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं. ३ मार्च २०२५ च्या निकालात तो नियम रद्द झाला, प्रत्येक टप्प्याला दिव्यांगांची स्वतंत्र गुणसीमा काढायला सांगितलं गेलं, आणि पुरेसे उमेदवार न मिळाल्यास निकष सैल करता येईल हेही मान्य झालं. निकालातला सर्वात बारीक तुकडा मात्र वेगळा आहे. तिथे एक अट होती: तीन वर्षं वकिली, नाहीतर पहिल्याच प्रयत्नात किमान ७० टक्के. न्यायालयानं दिव्यांगांसाठी ७० टक्क्यांची अट ठेवली, पण अनुसूचित जाती-जमातींना असते तशी सवलत देऊन. काढलं काय? ‘पहिल्याच प्रयत्नात’ आणि ‘तीन वर्षं वकिली’. अंध मुलाला कायद्याची पुस्तकं वाचायच्या रूपात मिळेपर्यंत वर्ष जातं, आणि त्याला ज्युनिअर म्हणून ठेवून घेणारा वकील शोधताना त्याहून जास्त.

अडीच महिन्यांनी, २० मे २०२५ ला, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठानं कनिष्ठ न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षं वकिलीची अट देशभर पुन्हा लागू केली.