मोरीतला हिशोब



लढायांचा आणि तहांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. मोरीचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. वास्तविक अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथल्या संसाराला तोच अधिक जवळचा.

मुंबई शहराची तहान भागवण्यासाठी मिठी नदी अडवून बांधलेला विहार तलाव 1860 साली पुरा झाला. 1879 साली तुळशी तलाव झाला. दोन्ही साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या उपनगरांत. पाणी येथले, पण नळ गेला दक्षिणेकडे. भोवतालची गावे विहिरींवरच राहिली. 1892 साली तानसाचे पाणी आले, तेव्हा हाच न्याय शहापूर तालुक्याच्या वाट्याला आला. पुढे 1950 आणि 1957 अशा दोन टप्प्यांनी मुलुंड-दहिसरपर्यंतचा मुलूख महापालिकेत आला, आणि त्याच सुमारास वैतरणेवर मोडकसागर उभा राहिला.

चाळीतल्या मोरीत पाण्याला माप होते. नळ सकाळी तासभर यायचा. पिंप, बादली आणि तांब्या यांत दिवस बसवावा लागे. पुढे इमारतींच्या गच्चीवर टाक्या आल्या, शॉवर आणि फ्लश आले, आणि माप नाहीसे झाले. बादलीचा तळ डोळ्यांना दिसतो. गच्चीवरच्या टाकीचा दिसत नाही.

आपल्या देशातल्या प्रचलित हिशोबात माणशी रोज 135 लिटर धरतात. त्यांत पिण्याला 5 आणि स्वयंपाकाला 5. पण आंघोळीला 55 आणि शौचकूपाला 30. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी मोरी-संडासातच जाते. आता दुसरा आकडा ऐका. महापालिकेच्या हिशोबात इमारतीतल्या माणसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला 45 लिटर, असे माप दीर्घकाळ चालत आले. एकाची नुसती आंघोळ ही दुसऱ्याच्या सबंध दिवसाहून मोठी!

म्हणून काटकसरीचा उपदेश घाटकोपरच्या डोंगरावर हंडे वाहणाऱ्या बाईला करणे, ही चेष्टा आहे. ती काटकसर जन्मभर करीतच आली आहे. उपदेश टाकीवाल्यांना हवा. पाच माणसांच्या घरात प्रत्येकी चार वेळा फ्लश ओढला आणि 10 लिटरच्या जागी 6 लिटरची टाकी बसवली, तर रोज 80 लिटर वाचतात. शॉवरऐवजी बादली घेतली, गळका नळ दुरुस्त केला, तर आणखी वाचतात.

परंतु वाचलेले पाणी आपोआप डोंगर चढत नाही. त्याला नळ लागतो, पंप लागतो, आणि ते तिकडे नेण्याचा निर्णय लागतो. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितले, की झोपडी अनधिकृत असली तरी तिच्यातल्या माणसाला पाणी नाकारता येत नाही. हक्क मान्य झाला. माप समान होणे बाकी आहे.

तेव्हा आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या पुढच्या सभेत दोन ठराव मांडा. पहिला, इमारतीतले नळ आणि फ्लश तपासण्याचा. दुसरा, वॉर्ड कार्यालयाला पत्र लिहिण्याचा: आमच्याकडे वाचलेले पाणी शेजारच्या वस्तीला द्या, आणि किती दिले ते जाहीर करा. पहिल्या ठरावाने पाणी वाचेल. ते पोचेल दुसऱ्याने.