एक चूल, दोन संसार

१९५८ सालीं दोन वाहिन्यांच्या तबकड्या बाजारांत आल्या, तेव्हां प्रत्येक वाहिनीस स्वतंत्र ध्वनिवर्धक घेणें सामान्य रसिकास जड जाई. १९५९ सालीं अमेरिकेंतील डायनाको कंपनीनें ‘स्टीरिओ ७०’ काढिला. त्यांत ३५ वॅटच्या दोन वाहिन्यांच्या निर्वात नळ्या एकाच रोहित्रावर व एकाच एकदिशकारक नळीवर चालत. सुटे भाग आणून तो घरींहि जोडतां येई. सामाईक वीजपुरवठ्यांत दोष संभवतो: एका वाहिनीनें प्रवाह ओढला कीं दाब हलतो व तिची कुजबूज दुसरींत उतरते. मध्यें रोध व धारित्र घातल्यानें ती पुष्कळ आवरते. पूर्ण विभक्तपणा श्रेष्ठ खरा. परंतु बेताच्या मिळकतीच्या रसिकास दुहेरी नाद लाभला तो या एकत्र चुलीमुळेंच, असें आम्हांस वाटतें.