एसीपी, दगड, टाइल लावताय? शीटचा रंग नंतर, आधी मागचा सांगाडा बघा

सोलापूर : हमरस्त्यालगतची दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं, शाळा आणि आता वस्तीवरचे बंगलेसुद्धा बाहेरून एसीपी शीट, टाइल किंवा दगडी फरशीने मढवले जात आहेत. दिसायला छान दिसतं, शिवाय 'ऊन थेट भिंतीवर येणार नाही, आत गार राहील' हाही हिशेब असतो. हा हिशेब जुळतो की फसतो, ते बऱ्याच अंशी शीटमागच्या सांगाड्यावर ठरतं. कोटेशनमध्ये मात्र शीटची कंपनी आणि रंग ठळक असतात, सांगाड्याला जेमतेम एक ओळ मिळते. त्या ओळीत काय असावं, त्याची ही माहिती.

आधी भिंत कोणती ते ठरवा

राष्ट्रीय इमारत संहितेच्या वर्गवारीत सोलापूर उष्ण-कोरड्या विभागात येतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे सगळ्यात जास्त तापतो तो स्लॅब, त्याखालोखाल पश्चिमेची आणि पूर्वेची भिंत. दक्षिणेच्या भिंतीवर भर उन्हाळ्यात ऊन कमीच पडतं. घर एकमजली असेल आणि पैसे मोजके असतील, तर आधी स्लॅबचा बंदोबस्त करा, मग पश्चिमेची भिंत घ्या. चारही बाजूंनी मढवायची गरज नसते.

टाइल किंवा फरशी सिमेंटने थेट भिंतीवर चिकटवली, तर उष्णता अडवण्याच्या दृष्टीने तिचा फायदा नगण्य आहे. फायदा हवा असेल तर शीट आणि भिंतीमध्ये पोकळी हवी, म्हणजेच सांगाडा आला.

पोकळी बंद केली तर भट्टी होते

सावलीत पारा ४२ अंशांवर असतो, तेव्हा उन्हात तापलेली गडद शीट ६५-७० अंशांपर्यंत जाऊ शकते. तिच्यामागची हवाही तापते. पोकळीला खाली आणि वर फट ठेवली, तर गरम हवा वरून निघून जाते आणि खालून नवी हवा येते. पण बरेच ठिकाणी चारही बाजू सिलिकॉनने बंद केल्या जातात आणि गरम हवा आतच कोंडते. निदान एक इंच मोकळी पोकळी ठेवा. फटींना बारीक जाळी लावा, म्हणजे उंदीर, पाली, गांधीलमाशा आत शिरणार नाहीत.

धातूच्या वाटेने उष्णता आत

वातानुकूलित दवाखाना, शोरूम किंवा शीतगृहाच्या कार्यालयात भिंतीवर रॉकवुलचा थर देऊन त्यावर शीट बसवतात. इथे सांगाडा सगळ्यात महत्त्वाचा ठरतो, कारण शीट धरणारे ब्रॅकेट त्या थरातून आरपार जाऊन भिंतीला टेकतात.

उष्णता वाहून नेण्याची क्षमता वॉट प्रति मीटर-केल्व्हिन या एककात मोजतात. ढोबळ आकडे असे : ॲल्युमिनियम १६० ते २००, साधं लोखंड सुमारे ५०, स्टेनलेस स्टील सुमारे १६, वीट साधारण ०.८ आणि रॉकवुल साधारण ०.०४.

आता हिशेब करा. एक चौरस मीटर, म्हणजे सुमारे पावणेअकरा चौरस फूट भिंतीला चार ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट लागले. प्रत्येक ६० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड. चारही मिळून भिंतीची जागा एक हजारांश भागाहूनही कमी व्यापतात. पण ॲल्युमिनियम रॉकवुलच्या चार हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणजे ढोबळ हिशेबाने, रॉकवुलच्या सगळ्या थरातून जितकी उष्णता येईल, त्याच्या जवळपास चौपट एकट्या चार ब्रॅकेटमधून येऊ शकते. प्रत्यक्षात मागची वीट आणि गिलावा हा ओघ बराच अडवतात, त्यामुळे फरक इतका पडत नाही. तरीही रॉकवुलवर केलेल्या खर्चाचा मोठा भाग वाया जातो. तेच ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचे घेतले तर ही गळती ॲल्युमिनियमच्या एक दशांशावर येते.

नुसती हवेशीर पोकळी आहे, रॉकवुल नाही, अशा साध्या घरात ब्रॅकेटच्या धातूने इतका फरक पडत नाही. तिथे स्टेनलेसवर जादा खर्च करण्यापेक्षा हवेच्या फटी आणि फिकट रंगाची शीट यांकडे लक्ष द्या.

सांगाड्यात काय मागायचं

आपल्याकडे फॅब्रिकेटर बहुधा चौकोनी लोखंडी पाइप भिंतीला लांबच्या लांब टेकवून बसवतात. पाइप जितका भिंतीला चिकटलेला, तितकी उष्णता आत. म्हणून पाइप भिंतीपासून सुटा ठेवून, मोजक्या ठिकाणी ब्रॅकेटवर बसवायला सांगा.

ब्रॅकेट आणि भिंतीच्या मध्ये ५-६ मिलिमीटर जाडीचा, नायलॉनसारख्या कडक प्लास्टिकचा तुकडा घाला. खर्च किरकोळ, पण उष्णतेची वाट बरीच तुटते. मऊ रबर घालू नका, वजनाने ते दबतं आणि बोल्ट ढिला होतो. बोल्ट स्टेनलेसचे घ्या.

ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना थेट टेकवू नका. पावसाच्या ओलाव्यात अशा जोडावर गंज लवकर धरतो.

धातू फुगतो, त्याला जागा हवी. तीन मीटर लांबीची ॲल्युमिनियम पट्टी तापमानात ५० अंशांचा फरक पडला की सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते. म्हणून एका जागी पक्का बोल्ट आणि बाकी ठिकाणी लांबट भोकं ठेवतात. नाहीतर शीट फुगते, स्क्रू सैल होतात. वळवाच्या वाऱ्यात अशीच शीट उडून रस्त्यावर येते. ब्रॅकेट किती आणि किती अंतरावर, हे आयएस ८७५ भाग ३ प्रमाणे वाऱ्याचा हिशेब करून अभियंत्याकडून ठरवून घ्या. उष्णतेसाठी ब्रॅकेट कमी केलेले चांगले, पण ते अंदाजाने कमी करू नका.

आगीचा धोका

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जण गेले. तिथे बाहेरून लावलेल्या शीटच्या पोटात पॉलिथिलीन होतं आणि आग त्यातूनच इमारतभर पसरली. स्वस्त एसीपीच्या पोटातही हेच असतं. शीट आगरोधक गाभ्याचीच घ्या. मागे थर्माकोल नको, न पेटणारं रॉकवुल घ्या. एकापेक्षा जास्त मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर पोकळीत आगरोधक अडसर हवा, कारण हवा खेळवणारी पोकळीच आगीला धुराड्यासारखी वर खेचते.

कोटेशनवर लिहून घ्या

इको निवास संहिता २०१८ नुसार भिंती-खिडक्यांमधून (छप्पर सोडून) आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉटपेक्षा जास्त नसावी. ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी आहे. व्यापारी इमारतींसाठी २०१७ मध्ये ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. मोठं काम असेल तर भिंतीचं यू-मूल्य, म्हणजे भिंतीतून उष्णता किती झिरपते तो आकडा, ब्रॅकेट धरून काढून मागा. ब्रॅकेट वगळून काढलेला आकडा कागदावर चांगला दिसतो, भिंतीवर खरा ठरत नाही.

छोट्या कामात एवढं लिहून घेतलं तरी पुरे : ब्रॅकेट कोणत्या धातूचे, किती जाड, चौरस मीटरला किती, मधला तुकडा कशाचा, पोकळी किती, वर-खाली फट कुठे, शीटचा गाभा आगरोधक आहे का. शीट चढली की यातलं काहीच डोळ्याला दिसत नाही. म्हणून सांगाडा उभा झाल्यावर काम थांबवून तपासा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मगच पुढचा हप्ता द्या.