लोखंडाचा गंज आणि आपले घरगुती उपाय

भारतातून इस्राएलला येताना आपल्या लोकांनी कपडालत्त्याबरोबर विळी, खवणी, अडकित्ता अशा वस्तूही आणल्या. ज्यांच्या घरी सुतारकाम होते त्यांनी रंधा, पटाशी, करवत आणि हातोडी आणली. आज यांतील पुष्कळशी अवजारे माळ्यावर, म्हणजे इथल्या भाषेत बोयदेमवर, गंजत पडली आहेत. घर आवरताना मुले ती भंगारात टाकू पाहतात. तसे करण्यापूर्वी गंज म्हणजे काय आणि माणसाने त्याच्याशी आजवर कसा सामना केला, हे वाचकांनी जाणून घ्यावे म्हणून हा लेखप्रपंच.

लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी ही तिन्ही एकत्र आली की गंज चढतो. मिठाने तो अधिक वेगाने वाढतो. म्हणूनच दिमोनाच्या कोरड्या हवेत वर्षानुवर्षे टिकणारी हातोडी अश्दोदच्या समुद्रकाठी लवकर तांबडी होते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहूनही अधिक असते. त्यामुळे स्क्रू आपल्या जागी फुगून घट्ट बसतो आणि पक्कड उघडेनाशी होते.

आपले पूर्वज अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांत राहिले. तिथे समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, म्हणजे गंजाला हवे ते सर्व हजर. पण आपल्या समाजाचा मुख्य धंदा होता तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक आपल्याला शनिवार तेली म्हणत. तेलाचा थर पाणी आणि हवा यांना लोखंडापर्यंत पोहोचू देत नाही. कोयता वापरून झाला की पुसून तेलाचा हात फिरवायचा, ही जुनी सवय शास्त्राला धरूनच होती.

लोखंडावर लेप देण्याची युक्ती फार प्राचीन आहे. इसवी सन 79 मध्ये मरण पावलेल्या रोमन लेखक प्लिनीने गंजापासून बचावासाठी सफेदा, जिप्सम आणि पातळ डांबर यांचा उल्लेख केला आहे. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे 1,600 वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस अधिक असल्याने वर संरक्षक थर बसला, असे संशोधक सांगतात. पुढे 1906 साली इंग्लंडमध्ये कॉस्लेट यांनी लोखंडावर फॉस्फेटचा थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. कोलाच्या पेयात गंजका खिळा ठेवला तर तो उजळतो, त्यालाही थोडे फॉस्फरिक आम्लच कारण आहे.

चढलेला गंज काढायला मात्र आंबट पदार्थ हवा. आपल्या आया चिंचेने पितळ घासत. चिंचेतले टार्टारिक आम्ल लोखंडाचा गंजही सोडवते. व्हिनेगर आणि लिंबू यांचे काम त्याच जातीचे. इथे तर प्रत्येक घरात मेलाह लिमोन, म्हणजे लिंबाचे सत्त्व, असतेच. किटलीतला क्षार काढायला आपण तेच वापरतो.

एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम मेलाह लिमोन विरघळवावे. अवजाराचा लाकडी दांडा काढून ठेवावा आणि लोखंड त्यात बुडवावे. काही तासांनी बाहेर काढून ब्रशने घासावे आणि गरज पडल्यास पुन्हा ठेवावे. करवतीसारखे पातळ, कठीण पोलाद आम्लात जास्त वेळ राहिले तर ठिसूळ होऊ शकते, म्हणून ते वरचेवर पाहावे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवावे, लगेच कोरडे करावे आणि तेल लावावे. ओले ठेवले तर काही तासांत नवा गंज दिसू लागतो.

घट्ट बसलेल्या स्क्रूसाठी आपल्याकडे घासलेट होते. 1846 साली कॅनडात अब्राहम गेस्नर यांनी खनिज कोळशापासून असे जळाऊ तेल काढून दाखवले. ते पातळ असल्याने बारीक फटींत शिरते. थेंब सोडून रात्रभर ठेवावे, हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि मग पाना फिरवावा. मात्र घासलेट लावलेल्या वस्तूजवळ दिवा किंवा शेगडी नेऊ नये. हल्ली मिळणारा डब्ल्यूडी-40 हा फवारा अमेरिकेत 1953 साली तयार झाला. क्षेपणास्त्राच्या पत्र्यावरील ओलावा दूर करणे हे त्याचे मूळ काम. पाणी हटवणे, हेच त्याच्या नावात आहे.

विजेचाही उपाय आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंजके अवजार 12 व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साधा लोखंडी तुकडा धन टोकाला जोडतात. त्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करावे. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीच लावू नये. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते.

आम्ही आयुष्य रुग्णसेवेत घालवले, म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगतो. 1913 साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी गंजाला दाद न देणारे पोलाद बनवले. त्याचा प्रसार होण्यापूर्वी रुग्णालयांत उपकरणे उकळताना पाण्यात धुण्याचा सोडा टाकीत असत. सोड्याच्या पाण्यात लोखंड सहसा गंजत नाही, म्हणून. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट धनुर्वाताची. तो गंजाने होतो हा समज चुकीचा आहे. 1889 साली जपानी डॉक्टर कितासातो यांनी त्याचे जंतू वेगळे करून दाखवले. ते जंतू मातीत राहतात. गंजका खिळा मातीत पडलेला असतो आणि खोल जखम करतो, म्हणून धोका असतो. तेव्हा हातमोजे घालावेत आणि धनुर्वाताची लस दर 10 वर्षांनी घ्यावी. व्हिनेगर किंवा मेलाह लिमोन कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो.

वाचकहो, एक गोष्ट लक्षात ठेवावी. आम्ल फक्त गंज काढते. जे लोखंड गंजाने खाल्ले ते परत येत नाही. उरलेले वाचवते ते तेल, आणि ते पुन्हा पुन्हा लावणारा हात. विळीसाठी खोबरेल किंवा औषधाच्या दुकानातले पातळ पॅराफिन चालते, तर करवतीसाठी शिलाईयंत्राचे तेल बरे. जवसाचे तेल चिकट होऊन सुकते, ते बिजागरीत घालू नये.

माळ्यावरची अवजारे एकदा खाली काढा आणि नातवंडांना जवळ बसवा. लोखंड धुऊन ते तेल लावतील, तेव्हा त्यांना सांगा की आपण तेलाचा घाणा चालवणाऱ्यांची मुले आहोत. पुस्तकात वाचून हे ठसणार नाही, तेवढे बोटांना लागलेल्या तेलाने ठसेल.