मूत्रपिंडविकारांवरील पेटंट औषधे

मूत्रपिंडविकारांवरील पेटंट औषधे ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, प्रामुख्याने अमेरिका, कॅनडा व ब्रिटन या देशांत, डॉक्टरांच्या सल्ल्याविना विकली जाणारी तयार औषधे होत. मूत्रपिंड, यकृत व मूत्राशय यांचे बहुतेक सर्व विकार बरे करण्याचा दावा त्यांच्या जाहिरातींतून केला जाई. हा दावा सिद्ध झालेला नव्हता. औषधांवरील अनेक कायदेशीर निर्बंधांच्या इतिहासात या औषधांचा उल्लेख येतो.

नाव

‘पेटंट औषध’ या नावामुळे अशा औषधाला सरकारी एकस्व मिळाले असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक औषधांना ते नव्हते. एकस्व घ्यायचे तर घटक उघड करावे लागतात. उत्पादकांना मात्र ते गुप्त ठेवायचे असत. त्यामुळे औषधाचे नाव, बाटलीचा आकार आणि वेष्टनावरील चित्र यांचीच व्यापारचिन्हे म्हणून नोंदणी होई.

पार्श्वभूमी

लंडनमधील गायज हॉस्पिटलचे वैद्य रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरील सूज, लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन आणि मूत्रपिंडांतील विकृती यांचा परस्परसंबंध दाखवून दिला. लघवी तापवली असता अल्ब्युमिन गोठते, ही त्यांच्या परीक्षेची साधी रीत होती. पुढे या विकाराला ‘ब्राइटचा रोग’ म्हटले जाऊ लागले.

रोग ओळखता येऊ लागला, तरी त्यावर परिणामकारक उपचार शंभराहून अधिक वर्षे उपलब्ध नव्हता. विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये कृत्रिम मूत्रपिंडाचा रुग्णावर पहिला वापर १९४३ मध्ये केला. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९५४ मध्ये बोस्टन येथे झाले. मधल्या काळात भीती मोठी आणि उपाय नाही, अशी स्थिती होती. पेटंट औषधांचा व्यापार याच पोकळीत वाढला.

प्रमुख उत्पादने

वॉर्नर्स सेफ क्युअर : न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील एच. एच. वॉर्नर हे मूळचे लोखंडी तिजोऱ्यांचे विक्रेते. एका औषधाने आपला ब्राइटचा रोग बरा झाला, असे सांगून त्यांनी त्या औषधाची कृती विकत घेतली व १८७९ मध्ये व्यवसाय सुरू केला. इंग्रजीत ‘सेफ’ म्हणजे तिजोरी आणि सुरक्षितही. हा श्लेष साधून बाटलीवर तिजोरीचे चित्र उठवलेले असे. मिळालेल्या संपत्तीतून वॉर्नर यांनी वेधशाळा उभारली आणि नवे धूमकेतू शोधणाऱ्यांना पारितोषिके दिली. १८९३ च्या आर्थिक अरिष्टात त्यांचे दिवाळे निघाले.

स्वॅम्प-रूट : बिंगहॅम्टन (न्यूयॉर्क राज्य) येथील किल्मर कुटुंबाचे हे औषध. त्याच्या बाटलीवर मूत्रपिंडाची आकृती उठवलेली असे. विलिस शार्प किल्मर यांनी त्याची मोठ्या प्रमाणावर जाहिरात केली.

डोन्स बॅकएक किडनी पिल्स : कॅनडात उगम पावलेल्या या गोळ्यांचा प्रसार बफेलो येथील फॉस्टर-मिलबर्न कंपनीने केला.

डी विट्स पिल्स : या गोळ्यांत मेथिलीन ब्लू हे रंगद्रव्य असे. ते लघवीवाटे बाहेर पडताना तिचा रंग हिरवा-निळा होई आणि औषध काम करीत असल्याची रुग्णाची खात्री पटे.

घटक आणि परिणाम

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये ‘सीक्रेट रेमेडीज’ या पुस्तकात अनेक गुप्त औषधांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. डोन्स गोळ्यांत जुनिपरचे तेल, हेमलॉक वृक्षाची राळ, सोरा, मेथीची पूड, गव्हाचे पीठ आणि मक्याचे सत्त्व आढळले. स्वॅम्प-रूटमध्ये मद्यार्क आणि साखरेसह बुकूची पाने, रेवंदचिनी, कोरफडीचा वाळवलेला रस, दालचिनी इत्यादी वनस्पतिज द्रव्ये असत.

यांतील काही द्रव्ये मूत्रल, तर काही रेचक आहेत. लघवीचे प्रमाण वाढल्याने किंवा पोट साफ झाल्याने तात्पुरते बरे वाटू शके. मूत्रपिंडातील विकृती मात्र तशीच राही. जुनिपरचे तेल अधिक मात्रेत मूत्रपिंडाला क्षोभकारकही ठरते.

जाहिरातींचे तंत्र

पाठदुखी, थकवा, झोप न लागणे, रात्री लघवीला उठावे लागणे अशा सर्वसामान्य तक्रारी मूत्रपिंड बिघडल्याची चिन्हे म्हणून मांडल्या जात. वास्तविक बहुतेक पाठदुखी स्नायू किंवा मणक्यांशी निगडित असते. उलट मूत्रपिंडांचा जुनाट विकार बराच काळ वेदनेविना वाढू शकतो.

स्वॅम्प-रूटच्या जाहिरातींत घरगुती परीक्षाही सुचवलेली असे : लघवी भांड्यात चोवीस तास ठेवावी, तळाशी गाळ दिसल्यास मूत्रपिंडे बिघडली आहेत असे समजावे. निरोगी माणसाच्या लघवीतही थंड झाल्यावर क्षारांचा गाळ बसू शकतो, त्यामुळे निरोगी माणसेही स्वतःला रोगी समजत. याउलट विरघळलेले अल्ब्युमिन असे नुसते ठेवून दिसत नाही. म्हणजे ब्राइट यांच्या परीक्षेने जे कळे, ते या परीक्षेने कळत नसे, आणि खऱ्या रुग्णाची खोटी समजूत होण्याचा धोका राही.

टीका आणि कायदे

पत्रकार सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यांनी १९०५ पासून ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात पेटंट औषधांच्या व्यापारावर लेखमाला लिहिली. औषधविरोधी कायदा झाल्यास जाहिरातीचा करार रद्द होईल, अशी अट घालून उत्पादक वृत्तपत्रांचे तोंड कसे बंद ठेवतात, हेही तिच्यात उघड झाले.

अमेरिकेच्या १९०६ च्या कायद्याने मद्यार्क, अफू आदी द्रव्यांचे प्रमाण वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. यानंतर वॉर्नर यांच्या औषधाच्या नावातील ‘क्युअर’ (रोगमुक्ती) जाऊन ‘रेमेडी’ (उपाय) हा सौम्य शब्द आला. मात्र रोग बरा करण्याचे खोटे दावे या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये ठरवले. १९१२ च्या दुरुस्तीने असे दावे निषिद्ध झाले. तरी फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागे. नवे औषध बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखवणे १९३८ मध्ये, तर ते गुणकारी असल्याचा पुरावा देणे १९६२ मध्ये आवश्यक झाले.

भारतातील तरतूद

भारतात औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये ठरावीक रोगांवरील उपचारांच्या जाहिरातींना मनाई आहे. त्याच्या अनुसूचीत कर्करोग, मधुमेह यांच्यासोबत ब्राइटचा रोग आणि मूत्रपिंडातील खडे यांचाही समावेश आहे. ब्राइटचा रोग हे नाव वैद्यकात आता जवळजवळ वापरात नाही. या अनुसूचीत ते टिकून आहे.